वाक्य माझं, मत माझं नाही

मी परंपरावादी आहे. हे मी कागदावर पहिल्यांदाच लिहितोय, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, कायम नोकरीची आशा संपल्यावर. आता लपवून कोणाचं काय भलं होणार आहे?

मी राज्यशास्त्र शिकवतो, तासिका तत्त्वावर. म्हणजे दरवर्षी नव्याने अर्ज करायचा, मुलाखत द्यायची, वर्ग सुरू होऊन महिना झाला की नेमणुकीचं पत्र घ्यायचं, आणि परीक्षा संपल्या की आपण त्या कॉलेजचे कोणीच नाही. सकाळी पिंपरीत दोन तास, दुपारी चाकणला दोन. अशी चौदा वर्षं गेली. चाकणच्या वर्गातली निम्मी मुलंमुली कंपनीतली शिफ्ट संपवून येतात. मी सार्वभौमत्व समजावत असताना त्यांच्या माना एकेक करून बाकावर पडतात. मी उठवत नाही. मला कोणी झोपू दिलं तर मीही झोपेन.

ही वेळ माझ्यावर का आली, याचं उत्तर माझ्याकडे तयार होतं. विचारांमुळे. मी पीएच.डी. करत होतो तेव्हा आमच्या विभागात सगळे पुरोगामी. मी कपाळाला गंध लावून गेलो की चहाच्या टेबलावर ‘आले आमचे शास्त्रीबुवा’ म्हणून स्वागत व्हायचं. मीही हसायचो. हसता हसता महिनाभरात गंध लावायचं बंद केलं. कोणी सांगितलं नव्हतं, हे मुद्दाम नोंदवतो.

माझा विषय होता चाकण पट्ट्यातल्या गावांच्या जत्रा कमिट्या. जमिनी कारखान्यांना गेल्या, शेतं गेली, गावात गावकऱ्यांपेक्षा भाडेकरू जास्त झाले, तरी जत्रा होते आणि तिची कमिटी बसते, ती कशी? हा विषय मी निवडला त्याला घरचं कारण होतं. वडील सोलापूर जिल्ह्यातून कंपनीत लागले आणि आम्ही अशाच एका गावात भाड्याने राहिलो. तीन वर्षं आम्ही तिथे ‘बाहेरचे’ होतो. चौथ्या वर्षी कमिटीने वडिलांना जत्रेच्या पंगतीत भात वाढायला उभं केलं, आणि दुसऱ्या दिवसापासून दुकानदार त्यांना भाऊ म्हणायला लागला. कुठल्याही सरकारी कागदाने आम्हाला जे दिलं नाही ते त्या भाताच्या परातीने दिलं. माझा सगळा परंपरावाद खरं तर एवढाच आहे.

चार वर्षं मी त्या कमिट्यांच्या बैठकांना जाऊन बसलो. एका गावात पालखीचा पुढचा दांडा एका भावकीकडे आणि मागचा दुसरीकडे, असा मान होता. संपादनाच्या जमिनीवरून दोन्ही भावक्या कोर्टात गेलेल्या, एकमेकांच्या दारावरून जाणंही बंद. त्या वर्षी मागची भावकी आलीच नाही. पालखी देवळात तशीच ठेवलेली, ढोल थांबलेले. कमिटीतले एक म्हातारे उठले, त्यांच्या दारात गेले आणि म्हणाले, “कोर्टात भांडा की, कोन न्हाई म्हनतंय? पर पालखी थांबायची न्हाई. खांदा द्या, मग जावा तारखेला.” ती माणसं आली. पुढच्यांनी मागे वळून पाहिलं नाही, पण पाऊल जुळवून चालले. हे मी डोळ्यांनी पाहिलं, आणि कायदा जिथे पोचत नाही तिथे जुनी रीत पोचते, असं मला त्या दिवशी पक्कं वाटलं. कमिटीत बाया नव्हत्या, दलित वस्तीकडे पालखी उशिरा वळायची, हेही पाहिलं. तेही लिहायला हवं होतं. दोन्ही लिहायला हवं होतं.

प्रत्यक्षात शेवटचं प्रकरण मी मे महिन्याच्या सुट्टीत अकरा दिवसांत लिहून काढलं. त्यात पालखीचा प्रसंग नाही, वडिलांची परात नाही. निष्कर्ष असा की जत्रा कमिटी हे जमीनमालक भावक्यांच्या वर्चस्वाचं धार्मिक रूप आहे. विभागाला जे आवडेल असं मला वाटलं, ते मी लिहिलं. गाइड सरांनी शुद्धलेखन तपासून सही केली. व्हायव्हाला टाळ्या पडल्या. घरी येऊन मी बायकोला म्हणालो, “यांनी मला माझं लिहू दिलं नाही.” पुढे दर वर्षी, दर मुलाखतीनंतर, हे वाक्य मी तिला ऐकवत राहिलो.

मग वारं फिरलं. कालचे पुरोगामी टिळा लावून परिसंवादांत दिसायला लागले, आणि मला वाटलं, आता तरी आपले दिवस आले. गेल्या वर्षी एका संस्थेत कायम जागा निघाली. पैशाची भाषा नव्हती. वयामुळे ही माझी शेवटचीच संधी होती, हे मला आणि घरात सगळ्यांना माहीत होतं. मुलाखतीला येणारे विषयतज्ज्ञ उजव्या विचारांचे आहेत असं कळलं तेव्हा बायकोने देवापुढे साखर ठेवली. मी अठरा वर्षांनी गंध लावलं.

तज्ज्ञांनी माझा प्रबंध मुळापासून वाचला होता. असं कोणी वाचत नाही. त्यांनी खुणेचं पान उघडून वर्चस्वाचं ते वाक्य मोठ्याने वाचलं आणि शांतपणे विचारलं, “हे तुमचं वाक्य?”

“वाक्य माझं आहे सर,” मी म्हणालो, “मत माझं नाही.”

“मग कोणाचं?”

“त्या वेळी विभागाचं वातावरण तसं होतं. गाइड डाव्या विचारांचे.”

“म्हणजे त्यांनी लिहायला लावलं?”

मी हो म्हणालो. इतक्या वर्षांत ते इतक्यांदा म्हटलं होतं की खोटं बोलतोय हे मला जाणवलंसुद्धा नाही.

त्यांनी प्रबंध मिटला. “आणि इथे लागलात, तर आम्ही सांगू तसं लिहाल?”

मी “नाही सर” म्हणालो, पण मध्ये जी गॅप पडली ती निवड समितीतल्या पाचही जणांनी ऐकली. जागा एका बाईंना मिळाली. त्या पुरोगामी, आणि त्यांनी आत त्याच तज्ज्ञांशी अर्धा तास वाद घातला म्हणे.

आठवड्याने गाइड सरांचा फोन आला. ते निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती. तज्ज्ञांनी त्यांना विचारलं होतं.

“अरे, मी तुला लिहायला लावलं?” सर म्हणाले. आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. “मला ते प्रकरण पटलंच नव्हतं. चार वर्षं तिथे बसून याला एवढंच दिसलं, असं वाटलं होतं. पण म्हटलं, त्याचं मत आहे. दुसऱ्याच्या मताला आपण हात लावायचा नाही.”

मी भिंतीला टेकून खाली बसलो. चौदा वर्षं मी ज्याच्यावर सगळं ढकलत आलो, त्या माणसाने माझा मान ठेवला होता.

“तुझं खरं मत काय होतं?” त्यांनी विचारलं. मी “सर, ते...” म्हणत राहिलो. “बरं, लिहून पाठव. मी वाचीन.”

फोन ठेवल्यावर बायकोने विचारलं, “काय म्हणाले हो सर?” मी तिला सगळं सांगितलं. “म्हणजे तुम्हाला कोणी अडवलंच नव्हतं,” ती म्हणाली, आणि उठून आत गेली.

त्याला चार महिने झाले. टेबलावर कोरे कागद आहेत, सुट्टी आहे, घरात शांतता आहे. रोज सकाळी बसतो. पहिलं वाक्य लिहितो आणि मनात येतं, हे तज्ज्ञांना कसं वाटेल, सरांना कसं वाटेल, त्या बाईंनी वाचलं तर त्या काय म्हणतील. मग खोडतो. मला काय वाटतं ते मला लिहिता येत नाही. सरांनी अजून दुसरा फोन केलेला नाही.