पास झालेला पेरू

धाकटी जाऊ घरात आली तेव्हा थोरलीनं तिला फारसं मनावर घेतलंच नव्हतं. तिला भाजी चिरायला दिली की एक फोड इवलीशी, दुसरी नारळाएवढी. सासूबाई ताटात बघून म्हणायच्या, "ही भाजी चिरलीय की मारलीय?" जिला भाजी धड चिरता येत नाही तिचा हेवा काय करायचा? थोरली उलट तिची कीव करायची. आणि कीव करता करता एक दिवस तिनंच साहेबांकडे शब्द टाकून धाकटीला आपल्या कामावर चिकटवलं. बिनसलं ते तिथून.

थोरली बंदरावरच्या फळशेडमध्ये कापणारी होती. उष्ण मुलखांतून जहाजानं आंबे, पपया, पेरू येतात, ते बाजारात जायच्या आधी या शेडमध्ये अडवले जातात. पाठवणाऱ्या देशाचं प्रमाणपत्र लागतं, खोक्यांना बारीक जाळी लागते, देठाला पान किंवा तळाला मातीचा कण चालत नाही. एवढं सगळं असलं तरी कागदावर विश्वास ठेवायचा नाही. प्रत्येक मालातली थोडी फळं उचलायची, दोन दारांच्या जाळीच्या खोलीत दिव्याखाली कापायची आणि गरात अळी शोधायची. फळमाशीची एक जिवंत अळी निघाली की अख्खा माल परत, नाहीतर भट्टीत. कारण ती माशी एकदा इथल्या बागांत शिरली की इथलं फळ कुणी विकत घेत नाही, आणि मग झाडं तोडत बसा.

असा हा मोठा नियम आणि तो पेलायचा रोजंदारीवरच्या बायकांनी. तेही उभं राहून. स्टुलं आली ती थोरलीमुळे. साहेबांच्या दारातच ती फतकल मारून बसली होती. "पाय आमचे आहेत साहेब, खात्याचे नाहीत," म्हणाली. तेव्हापासून शेडमध्ये तिला मान होता. हमालही तिच्या वाटेला जात नसत.

धाकटी आली ती त्या स्टुलावर येऊन बसली, आणि बसल्याजागी सगळ्यांना आवडायला लागली.

बाकीच्या बायका सटासट कापायच्या. धाकटी लगेच कापायचीच नाही. फळ हातात घेऊन फिरवायची, अंगठ्यानं सालीवर दाब देत जायची, एके ठिकाणी थांबायची आणि नेमकी तिथंच सुरी घालायची. अळी असली तर तिथंच असायची. भाजी मारणारी बाई ती हीच! साहेब एकदा मागे उभे राहून बघत होते. म्हणाले, "हात बघा हिचा. शिका जरा." शिकायचं कुणी, तर थोरलीनं! जिनं हिला सुरी धरायला शिकवली तिनं!

ज्याच्या आवाजामुळे सगळे त्याला भोंगा म्हणत तो हमाल धाकटी आली की ओरडायचा, "बाजूला व्हा, राणीसाहेब आल्या!" धाकटी हसायची. तिचं हसणंही असं की रागावायला जागा सापडू नये. घरी गेलं तर नवरा हात धुता धुता म्हणायचा, "धाकट्याची बायको तल्लख निघाली हं."

"तल्लख आहे ना? मग जेवायलाही तिच्याकडेच मागा."

"अगं, मी आपलं सहज..."

"सहजच तर टोचतं."

त्यातच कापायच्या टेबलाच्या प्रमुख बाई निवृत्त होणार म्हणून कळलं. प्रमुखाची जागा म्हणजे कायमची नोकरी, जाळीच्या खोलीची किल्ली, आणि माल पास की नापास हे सांगायचा अधिकार. साहेबांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं की दोघी जावांपैकी एकीला देणार, महिनाअखेरीला ठरवू. शेडमध्ये पैजा लागल्या. थोरलीच्या कानावर आलं की जास्त लोक धाकटीवर लावतायत. भोंग्यानं तर उघडच लावली. त्याच्या आवाजात गुपचूप असं काही होतच नसे.

अशात एक पेरूंचा माल आला. धाकटीनं नमुन्याची फळं कापली, काही निघालं नाही, माल पास झाला. खोकी उचलून न्यायला भोंगा येणार, तेवढ्यात थोरलीला एका उघड्या खोक्यात एक पेरू दिसला. सालीवर टाचणीच्या टोकाएवढा डाग. माशी अंडी घालते तेव्हा असाच डाग पडतो.

"हा पण काप गं," एवढंच म्हणायचं होतं. तिचं कामच होतं ते. पण तिला पुढचं सगळं दिसलं. धाकटी म्हणणार, "बरं झालं ताई, तुमचं लक्ष होतं." पेरू कापणार. अळी निघाली तर माल अडणार, साहेब दोघींना शाबासकी देणार, आणि त्यातला मोठा वाटा पुन्हा धाकटीच्या पुढ्यात. छे. अळी निघायला हवी होती ती धाकटीच्या हातून माल सुटल्यावर, सगळ्या जगाच्या देखत.

तिनं पेरू आपल्या जेवणाच्या डब्यात टाकला.

शेडचा सगळ्यात कडक नियम म्हणजे आतलं फळ बाहेर जाता कामा नये. कापलेलं असो, अख्खं असो, उरलेलं सगळं उकळत्या पाण्याच्या टाकीत. फाटकावर सगळ्यांचे डबे उघडून बघत. थोरलीचा डबा मात्र पहारेकरी बघत नसे. स्टुलांचं भांडण झाल्यापासून तो तिला वचकून होता. तो वचक आज तिनं असा वापरला.

घरी तिनं काचेच्या बरणीत कोरडी वाळू घातली, वर पेरू ठेवला, तोंडाला पातळ फडकं बांधलं आणि बरणी फळीवर पिठाच्या डब्यांमागे लपवली. प्रयोगशाळेत असंच करतात. अळी वाढते, वाळूत उतरते, मग तिची माशी होते. दाखवायला एवढा पुरावा पुष्कळ.

दोनेक दिवसांत वास सुटला.

"ताई, कसला हो वास हा?"

"उंदीर मेला असेल."

"मग काढू या की. मी चढते वर."

"तू चढू नकोस. पडशील, आणि घरभर म्हणतील मी पाडलं."

धाकटी हसली. "असं कोण म्हणेल हो?"

"म्हणणारे म्हणतात."

रोज सगळ्यांच्या आधी उठून थोरली बरणी खाली घ्यायची. पेरू मऊ पडला, काळा पडला, त्याला पाणी सुटलं. आणि एका सकाळी त्या पाण्यात पांढरे ठिपके वळवळताना दिसले. तिला इतका आनंद झाला की चहा उतू गेला. अळ्या फार बारीक होत्या हे तिनं पाहिलं. फळमाशीची अळी अंग वळवून टुणकन उडी मारते, या तर नुसत्या लोळत होत्या, हेही पाहिलं. "लहान आहेत अजून, वाढतील," असं स्वतःलाच सांगितलं. धाकटीनं असं सांगितलं असतं तर तिनं तिथंच तिची अक्कल काढली असती. पण वाढेपर्यंत थांबायला तिच्यात दम कुठला! महिनाअखेर तोंडावर आली होती.

बरणी पदराखाली धरून ती थेट साहेबांच्या खोलीत गेली आणि टेबलावर आदळली.

"धाकटीनं पास केलेल्या मालातला पेरू आहे. बघा काय आहे आत. तो माल बाजारात विकला जातोय."

साहेबांनी अळ्यांकडे बघितलंच नाही. थोरलीकडे बघितलं.

"हे फळ शेडबाहेर गेलं कसं?"

इतके दिवस थोरलीनं साहेबांचा चेहरा मनात रंगवला होता, धाकटीचा रंगवला होता, भोंग्याचासुद्धा. हा प्रश्न काही तिच्या डोक्यात आला नव्हता.

साहेबांनी प्रयोगशाळेतल्या बाईंना बोलावलं. त्यांना सगळे भिंगवाल्या बाई म्हणत. त्यांनी एक अळी काचेवर घेतली, भिंगाखाली धरली आणि मान वर न करताच म्हणाल्या, "चिलटांच्या आहेत."

"कसल्या?"

"चिलटं हो. स्वयंपाकघरात सडक्या फळावर घोंगावतात ती. तुमच्याच घरातली. फडकं पातळ होतं, त्यातून अंडी आत गेली." मग त्यांनी उरलेला पेरू चिमट्यानं उलगडला. "हा डाग काटा टोचल्याचा आहे. आत काही गेलेलं नाही. माल चांगला होता."

म्हणजे धाकटी बरोबर होती. पुन्हा.

साहेबांचा आवाज चढला. "तुम्ही कापणाऱ्या आहात! या फळात खरंच फळमाशी असती तर? तुमच्या फळीवरून उडाली असती ती! अख्ख्या मुलखातून फळं बाहेर जायची बंद झाली असती. दुसऱ्या कुणी केलं असतं तर तुम्हीच त्याला फाटकाबाहेर काढलं असतंत."

हे खरं होतं, आणि खरं असल्यामुळे थोरलीला जास्त राग आला.

दारात धाकटी उभी होती. कुणीतरी तिला बोलावून आणलं होतं. तिनं बरणी बघितली, नाक आक्रसलं आणि तिला फळीवरचा उंदीर समजला. क्षणभर तिनं थोरलीकडे पाहिलं आणि साहेबांना म्हणाली, "साहेब, मीच सांगितलं होतं ताईंना. त्या पेरूची मला शंका होती. म्हटलं, घरी ठेवून बघू. चूक माझी आहे."

साहेब खुर्चीत मागे रेलले. "असं आहे होय? म्हणजे दोघींनी मिळून केलं?" त्यांचा राग निम्म्यावर आला. दोघींना समज द्यायची, प्रमुखाची जागा तिसरीला द्यायची, की मिटलं. त्यांनी थोरलीला विचारलं, "ही म्हणते ते खरं?"

नुसती मान हलवायची होती. टेबलावरची जागा वाचत होती. वर धाकटीही प्रमुख होत नव्हती, म्हणजे महिनाभर देवाकडे मागितलेलं आयतं पदरात पडत होतं. पण थोरलीला दिसत होतं ते वेगळंच. उद्या शेडमध्ये सगळे म्हणणार, बघा, जावेसाठी हिनं जागेवर पाणी सोडलं. मग नवरा म्हणणार, सासूबाई म्हणणार. आणि आपण जन्मभर हिनं दिलेली नोकरी करणार. हुशारीत पुढे गेली ते गिळलं. आता चांगुलपणातही पुढे जाणार ही?

"साफ खोटं," थोरली म्हणाली. "तिला काहीएक माहीत नव्हतं. पेरू मी नेला. तिला तोंडावर पाडायचं होतं म्हणून नेला."

"ताई, अहो..."

"तू मध्ये बोलू नकोस. फार शहाणी समजतेस स्वतःला."

भिंगवाल्या बाई भिंगात बघत असल्याचं सोंग करत राहिल्या. साहेबांनी कपाळ चोळलं. थोरलीला शेडमधून काढलं तर बायका काम टाकून उठतील हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून काढलं नाही. जाळीच्या खोलीत मात्र यापुढे पाय ठेवायचा नाही, बाहेर खोकी धुवायची. प्रमुखाची जागा धाकटीला.

संध्याकाळी स्वयंपाकघरात धाकटी भांडी अशी आपटत होती की सासूबाई डोकावल्या आणि आल्या तशा परत गेल्या. इतक्या वर्षांत तिला रागावलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

"मी बोलून चुकले होते ना? मग मान हलवायला काय झालं होतं तुम्हाला?"

"नाही हलवली."

"मी वाचवत होते तुम्हाला!"

"तेच नको होतं मला."

"आता मी प्रमुख आणि तुम्ही खोकी धुणार. बरं वाटतंय?"

थोरलीनं खरंच विचार केला. बरं कसलं वाटतंय! उद्या किल्ली हिच्या कमरेला असणार, भोंगा पैज जिंकल्याचं बंदरभर सांगणार.

"नाही," ती म्हणाली. "पण तू हुशार आहेस एवढंच म्हणतील लोक. मोठ्या मनाची आहेस असं नाही म्हणणार."

धाकटीनं ताट वाढलं आणि थोरलीच्या पुढे सरकवलं.

थोरलीनं ते परत तिच्याकडे सरकवलं, उठली, आणि स्वतःचं स्वतः वाढून घेतलं.