आत्याबाईचा आवाज येत नाही

आमच्या घरात बिघडलेली वस्तू थेट फेकत नाहीत. आधी ती माझ्याकडे येते, माझ्या हातून पुरती बिघडते आणि मग फेकली जाते. ही मधली पायरी काढून टाकली तर घरात शांतता नांदेल, असं बायकोचं म्हणणं. पण मी जन्मभर सरकारी कचेरीत होतो. मधल्या पायऱ्यांवरच तर आमचं पोट चाललं.

मी दुरुस्त केलेली इस्त्री एकाच बाजूने तापते. मी दुरुस्त केलेला मिक्सर दोन्ही हातांनी दाबून धरल्याशिवाय फिरत नाही, त्यामुळे आमच्याकडची चटणी हा दोन माणसांचा उद्योग आहे. हे सगळं बायको सोसत आली. यंदा मात्र गाठ मिक्सरशी नव्हती, बारशाशी होती.

बायकोचा धाकटा भाऊ कॅनडात असतो. सासूबाई लवकर गेल्या, त्यामुळे त्याला हिनेच न्हाऊमाखू घातलं, शाळेत सोडलं, वेळप्रसंगी बदडलंही. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी, आशा सोडल्यावर, त्याला मुलगी झाली. आणि बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. या बाळाला आत्या एकच, ती म्हणजे आमची ही. पण हिच्या गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं. डॉक्टर विमानाचं नाव काढू देईनात.

भाऊ म्हणाला, "ताई, त्यात काय? व्हिडिओ कॉलवर नाव सांग. मी तुला पाळण्यापाशी धरतो."

इथपर्यंत सगळं गोड होतं. पण पुढे तो सहज बोलून गेला, की तिकडच्या मराठी मंडळातल्या एक बाई आहेत, फार हौशी. ऐनवेळी काही अडलंच तर त्या मानलेली आत्या म्हणून बसायला तयार आहेत.

"मानलेली!" फोन ठेवल्यावर बायको म्हणाली. "आणि मी कोण, भाड्याने आणलेली?"

त्या दिवसापासून आमच्या घरात त्या बाईंचा विषय दोन वेळच्या जेवणासारखा होऊ लागला. फोटोत बघितलेल्या त्यांच्या साडीपासून त्यांच्या हसण्यापर्यंत सगळं बायकोला खटकत होतं. एका संध्याकाळी ती म्हणाली, "अहो, माझ्या मोबाइलवरूनच करू या ना. उगीच खटाटोप नको."

इथे मी तोंड उघडलं. माझ्या आयुष्यातल्या बहुतेक संकटांची सुरुवात याच क्रियेने झाली आहे.

"मोबाइलवर बाळ लिंबाएवढं दिसेल," मी म्हणालो. "मी लॅपटॉप टीव्हीला जोडतो. पाळणा कसा भिंतभर दिसेल बघ. बाळाची नखंसुद्धा मोजता येतील."

नखांच्या आशेने ती तयार झाली. मी लॅपटॉप टीव्हीला जोडला. भावाला कॉल लावला. चित्र झकास आलं. त्याचा आवाज खणखणीत आला. तो मात्र पडद्यावरून कानाला हात लावून विचारत होता, "ताई? भाऊजी? काही ऐकू येत नाही."

पुढचे दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. लॅपटॉप बंद करून चालू केला. चालू करून बंद केला. माइकवर फुली आहे का ते बघितलं. नव्हती. मी ती मारून बघितली आणि मग काढता येईना. कंपनीच्या मदत केंद्राला फोन केला, तर एक गोड यंत्र म्हणालं, "आपली तक्रार थोडक्यात सांगा." मी सांगितली. ते म्हणालं, "माफ करा, आपला आवाज येत नाही." यंत्रांनी आपसांत संगनमत केलं आहे अशी माझी त्या क्षणी खात्री झाली. बायको आतून म्हणाली, "चांगलं आहे. तुमचा आवाज कुणालाच येत नसेल तर मीच एकटी का ऐकते?"

शेवटी लॅपटॉप पिशवीत घालून आमच्या विद्यानगरहून हिमायतनगरला, ओळखीच्या दुकानात नेला. दुकानदाराने तो उघडला, आत वाकून बघितलं आणि आयसीयूतून बाहेर आलेल्या डॉक्टरसारखा चेहरा केला.

"साब, इसका मदरबोर्ड गया."

"अरे, पण सगळं चालतंय. फक्त आवाज जात नाही."

"पैले आवाजच जाती साब. आदमी का भी वैसाच है."

मी मदरबोर्ड बदलायला नकार दिला. मग त्याने काहीतरी पुसलं, काहीतरी नव्याने घातलं आणि म्हणाला, "बोलो साब, जोर से." मी मुख्य रस्त्याच्या कडेला, गर्दीच्या वेळी, लॅपटॉपच्या तोंडाशी तोंड नेऊन "हॅलो" म्हणून ओरडलो. पडद्यावरची हिरवी रेघ हलली. रेघ हलली म्हणजे आवाज गेला, असं मी ठरवलं. ती रेघ माझ्या ओरडण्याने हलली की मागे उभ्या असलेल्या बसच्या हॉर्नने, हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता. घरी येऊन मी विजयी मुद्रेने सांगितलं, "झालं. ओके."

बारशाचा दिवस उजाडला. त्यांची सकाळ म्हणजे आपली संध्याकाळ. बायकोने सकाळीच घुगऱ्या करून सगळ्या बिल्डिंगमध्ये वाटल्या. ठेवणीतली पैठणी नेसून, काठी बाजूला ठेवून ती टीव्हीसमोर बसली. ओठांतल्या ओठांत "कुर्र्र" म्हणायचा सराव चालला होता. दुपारी रस्ता खोदणाऱ्यांनी इंटरनेटची वायर तोडली होती, पण मी डगमगलो नाही. माझ्या मोबाइलवरून लॅपटॉपला इंटरनेट दिलं आणि मोबाइल खिडकीत, जिथे रेंज चांगली, तिथे देवासारखा मांडून ठेवला.

कॉल लागला. भिंतभर पाळणा. फुलांच्या माळा, रेशमी दुपटं आणि त्यात झोपलेलं ते इवलंसं गाठोडं. बायकोचे डोळे भरून आले. तिने हाक मारली, "अगं माझे बाई!"

"ताई," भाऊ पडद्यावरून म्हणाला, "तू दिसतेस, पण आवाज येत नाहीये."

बायकोने माझ्याकडे बघितलं. मी लॅपटॉपकडे बघितलं. लॅपटॉपने कुणाकडेच बघितलं नाही.

"ओके ना?" ती म्हणाली. "ओके म्हणाला होतात ना?"

तिने हात वर करून भावाला खूण केली, थांब. तिकडच्या मंडळींना वाटलं, ताई आशीर्वाद देताहेत. सगळ्यांनी हात जोडले. दोघीतिघींनी तर पडद्याला वाकून नमस्कार केला. आणि त्या गर्दीतून एक बाई पदर सावरत पाळण्याकडे सरकल्या. "मुहूर्त टळायला नको ना," त्या भावाला म्हणाल्या. "मी बसते. ताई बघतील की तिकडून."

"बघतील की!" बायको कडाडली. ते तिकडे कुणालाही ऐकू गेलं नाही, हे एक बरं झालं. संतापाने ती लॅपटॉपवर इतकी वाकली की तिचं नाक पडद्याला टेकलं. आणि तशीच थांबली.

"अहो. हे लाल काय आहे इथे?"

मी चष्मा चढवला. पडद्याच्या वरच्या पट्टीत, बरोबर मध्यभागी, कॅमेऱ्याच्या शेजारी सुईच्या टोकाएवढी दोन भोकं होती. दोन्ही लालभडक. एकात तांदळाची कणीही होती.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा होते. बायको विळी आणि सुऱ्या मांडते. मी स्कूटर धुतो, चाकाखाली लिंबू ठेवतो. यंदा मी पाटावर पक्कड, स्क्रूड्रायव्हर आणि लॅपटॉपही मांडला होता. कुंकू वाहायचं तर कपाळाला, हे संस्कार. उघडलेल्या लॅपटॉपचं कपाळ कुठे, तर वरच्या पट्टीच्या मध्यभागी. यात विचार करण्यासारखं काय आहे? कोरडं कुंकू टिकत नाही म्हणून मी त्यात तेलाचे दोन थेंब घातले, बोटाने ठसठशीत टिळा लावला आणि अंगठ्याने अक्षता दाबल्या. दुसऱ्या दिवशी कॅमेऱ्यात सगळं जग गुलाबी दिसायला लागलं म्हणून कॅमेरा तेवढा पुसला. शेजारची भोकं लॅपटॉपचे कान आहेत, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

"तुम्ही त्याच्या कानात कुंकू भरलंत," बायको सावकाश म्हणाली.

"पिन दे," मी म्हणालो.

तिने पैठणीच्या खांद्याची सेफ्टीपिन काढून दिली. मी पहिल्या भोकातलं कुंकू कोरलं. ते निघेना, म्हणून जरा जोर लावला. आत काहीतरी हलकेच 'टिक' वाजलं. त्यानंतर माइकचं चिन्हच पडद्यावरून नाहीसं झालं. आता आवाज अडकलेला नव्हता. आवाज या जगातच नव्हता.

"बाजूला व्हा," बायको म्हणाली. "आणि कशालाही हात लावू नका."

तिने स्वतःचा मोबाइल उचलून भावाला साधा फोन लावला. एवढी साधी गोष्ट. पडद्यावर भावाने खिशातून फोन काढला. बायकोने मोबाइल कानाला लावला. कानात शांतता. आणि आमच्या स्वयंपाकघरातून भाऊ गरजला, "हॅलो! ताई!"

तो आवाज ब्लूटूथ स्पीकरचा होता. स्वयंपाक करताना भजनं ऐकता यावीत म्हणून मीच तो फ्रिजवर बसवला आणि मीच तो तिच्या मोबाइलला असा जोडला, की पुन्हा सुटू नये. त्याची बॅटरी मी एकदा दुरुस्त केलेली असल्यामुळे तो वायर लावूनच चालतो, आणि वायर वीतभर आहे. खाली घेता येत नाही. आणि आता ऐकणं-बोलणं दोन्ही त्याच्यातूनच. माझा मोबाइल खिडकीत इंटरनेट पुरवत होता; त्याला हात लावला तर चित्रही जाईल, अशी भीती. आणि मुहूर्त निघून चाललेला.

बायकोने काठी घेतली आणि पैठणीचा पदर सावरत स्वयंपाकघरात गेली. फ्रिजसमोर टाचा उंचावून उभी राहिली. भिंतभर दिसणाऱ्या बाळाकडे तिची पाठ, तोंड फ्रिजकडे.

"अहो, काय दिसतंय सांगा!"

मी दोन्ही खोल्यांच्या मधल्या दारात उभा राहून धावतं वर्णन सुरू केलं. "त्या बाई बाजूला झाल्या. तुझा भाऊ वाकला. फोन बाळाच्या कानाशी नेला. आता!"

ती हळुवारपणे कुजबुजली, "कुर्र्र..."

फ्रिजवरून भाऊ म्हणाला, "ताई, काहीच ऐकू येत नाही. मोठ्याने."

बाळाच्या कानात गुपचूप सांगायचं ते नाव माझ्या बायकोने विद्यानगरच्या त्या फ्रिजला ओरडून सांगितलं. एकदा नाही, तीनदा. वरच्या मजल्यावरची खिडकी उघडली. खालून कुणीतरी तेलुगूत विचारलं, काय झालं म्हणून. सगळ्या जगाच्या आधी आमच्या बिल्डिंगला ते नाव कळलं.

"नुसते बघताय काय?" ती मान न वळवता म्हणाली. "नाव सांगताना आत्याच्या पाठीत गुद्दे घालतात. तिकडे माझ्या वाटचे कोण घालणार? घाला!"

मी भीत भीत एक घातला.

"जोराने! तुम्हाला एवढंसुद्धा नीट जमू नये?"

पडद्यावर टाळ्या वाजल्या. त्या हौशी बाईंनी पेढा मोडून पहिला तुकडा कॅमेऱ्यासमोर धरला, "आत्याबाईंना" म्हणाल्या. ते मी आत येऊन सांगितलं. बायकोच्या चेहऱ्यावरची एक शीर सैल झाली. "बाळ उठलं का? बघू दे मला," म्हणत ती काठी टेकत बाहेर आली. तोवर टीव्हीवर निळा पडदा आला होता. मधोमध एक गोल फिरत होतं आणि खाली लिहिलं होतं, अपडेट चालू आहे, कृपया बंद करू नका.

ती त्या गोलाकडे बघत उभी राहिली. मीही बघत होतो.

इतक्यात फ्रिजवरून बारीक रडं ऐकू आलं.

"उठली!" ती म्हणाली आणि तशीच उलट वळली. कान वर करून ऐकू लागली. पण आमचा फ्रिज म्हातारा; त्याची घरघर सुरू झाली की माणसाचं बोलणंही कळत नाही. "अहो, तो आधी बंद करा. ऐकू द्या मला."

मी तत्परतेने बोर्डावरचं बटण दाबलं. फ्रिज थांबला. फ्रिजबरोबर स्पीकरही थांबला, कारण दोन्ही एकाच बोर्डावर जोडण्याची हुशारीही माझीच. स्वयंपाकघर एकदम चिडीचूप झालं.

बायकोने डोळे मिटले. आता आपलं काही खरं नाही, असं समजून मी दाराकडे सरकलो.

आणि तिच्या हातातल्या मोबाइलमधून, कानाशी कुजबुजल्यासारखं, बाळ रडू लागलं.

स्पीकर मेला म्हणून आवाज फोनमध्ये परत आला होता. ते एक बटण पहिल्यांदाच दाबलं असतं तर? हा प्रश्न तिने विचारला नाही. नजरेनेही नाही. तिला तेवढा वेळ नव्हता.

"असाच धर रे तिच्या कानाशी," ती भावाला म्हणाली. मग काठी फ्रिजला टेकवून, ओट्याला रेलून, दोन्ही हातांनी मोबाइल तोंडाशी धरून तिने नाव पुन्हा सांगितलं. इतकं हळू, की दोन हात अंतरावर उभ्या असलेल्या मला एक अक्षर ऐकू आलं नाही.

तिकडचं रडं थांबलं.