रनाळ्याच्या दगडातलं शिसं

आमच्या नंदुरबारच्या हायस्कुलात खडू वर्षातून दोनदा संपायचा, किस्से मात्र कधीच संपायचे नाहीत. मी तिथे ड्रॉइंग शिकवायचो, म्हणजे ऐकायला वेळ भरपूर! निम्मे किस्से सायन्सच्या भामरे मास्तरांचे.

*

मास्तरांचा परीक्षेत एक प्रश्न ठरलेला : शेंदूर कशापासून करतात? "शिशापासून" हे उत्तर ज्याला येत नसे, तो तासभर उभा. एकदा त्यांनी इन्स्पेक्टरसाहेबांनाही विचारलं. साहेबांना आलं नाही. पण ते आधीच उभे होते, म्हणून निभावलं.

*

रनाळ्याच्या नथू आप्पांच्या शेतात आकाशातून नारळाएवढा काळा दगड पडला. मास्तरांना पंधरा दिवसांनी कळलं. सायकल हाणत गेले आणि तपासायला मागून आणला. आप्पांची अट एकच, जसा नेला तसा परत द्यायचा. मास्तरांनी त्याच संध्याकाळी त्याची साल खरवडायला घेतली.

*

भुकटी करायला खलबत्ता घरचाच. वहीत नोंद झाली, "उल्कापाषाणास मंद सुगंध येतो." वहिनी खलबत्ता शोधत आल्या, तेव्हा कळलं की सकाळीच त्यात वेलदोडे कुटले होते. मास्तरांनी नोंद खोडली आणि वर वहिनींनाच सुनावलं, "सायन्समध्ये स्वच्छता फार महत्त्वाची!"

*

मग काचेच्या नळीत पिवळा साका बसला. शिसं! होतं चिमूटभरच, पण अशा दगडात असायला हवं त्याच्या कितीतरी पट. मास्तरांनी मुंबईच्या एका प्रोफेसरांना पत्र धाडलं. उत्तर आलं की स्वतः येतो, खरं निघालं तर लॅबोरेटरीत असिस्टंटची जागा तुमची. अठरा वर्षं एका स्पिरिटच्या दिव्यावर सायन्स शिकवलेला माणूस! त्यांनी नवा कोट शिवला आणि राजीनाम्याचा मसुदा हेडमास्तरांना दाखवूनही टाकला. मला हेवा वाटला, खोटं कशाला बोलू.

*

प्रोफेसर आले. आम्ही टांग्याने रनाळ्याला गेलो. प्रोफेसर, मास्तर, हेडमास्तर आणि जागेचं चित्र काढायला मी. वाटभर मास्तर आकाशातल्या शिशावर बोलत होते. शेतात लिंबाखाली छोटासा ओटा बांधलेला होता. आप्पांनी बाज टाकली, सगळे बसले. मास्तरांनी दगड आप्पांच्या बायकोच्या हाती दिला. तिने तो फिरवून फिरवून पाहिला, पदराने पुसला, ओट्यावर ठेवला आणि विचारलं,

"मास्तर, आते परत शेंदूर लावू का? तुमले दिन्हा तवय घासी घासी काढेल व्हता."

प्रोफेसर चष्मा पुसत राहिले. हेडमास्तर हळूच म्हणाले, "भामरे, शेंदूर कशापासून करतात हो?"

मास्तर बाजेवरून उठले आणि उभे राहिले.