दाण्याला दाणा लागला

नागपूरच्या एका खासगी दवाखान्यातून फोन आला. दुप्पट पगार, राहायला खोली, दोन-चार दिवसांत कळवा. मी "विचार करून सांगते" म्हटलं आणि फोन ठेवल्यावर स्वतःवरच चिडले. विचार कसला करायचा? मी कंत्राटी नर्स, नवरा मुर्री गावात दुसऱ्याची पिठाची चक्की चालवणारा. दुप्पट पगार ऐकून शहाणं माणूस विचार करत बसतं का?

पण दरेकशाकडच्या जंगलातल्या गावांत फिरायचं काम मला मनापासून आवडायचं. तिथे माझ्या सोबतीला एक म्हातारी सुईण होती. बाळंतपणं आता दवाखान्यात होतात, तिला कोणी बोलावत नसे, तरी ती उपकेंद्राच्या पायरीवर ठाण मांडून बसायची. पोटुशी बाई घाबरली की तिचं डोकं मांडीवर घ्यायची आणि मलाच झापायची. "हळू दाब ना वो बाई, कनिक तिंबून राहिली का?" तिच्या लुगड्याला कायम मोहाच्या तेलाचा वास यायचा.

उन्हाळ्यात ती तापाने गेली. गेली म्हणजे लोकांसाठी गेली, मला सोडेना. दुपारी कपाटात औषधं लावताना मागून खोकल्याचा आवाज यायचा. वळून पाहावं तर पायरी रिकामी, तेलाचा वास मात्र खरा. घरी सांगायची सोय नव्हती. नवरा म्हणाला असता, "डॉक्टर को दिखा."

नागपूरचा फोन आला त्याच आठवड्यात म्हातारीच्या नातसुनेला मुलगी झाली होती. पोर रडायची थांबेना. मी वजन घेतलं, कान पाहिले, पोट पाहिलं, सगळं ठीक. शेवटी म्हातारीच्या सुनेने काशाच्या वाटीत पाणी घेतलं. त्यांच्या घरची रीत अशी की बाळाच्या नावाने तांदळाचा एक दाणा पाण्यावर सोडायचा, मग घरातल्या एकेका मेलेल्या माणसाचं नाव घेऊन दुसरा. ज्याच्या नावाचा दाणा बाळाच्या दाण्याला लागेल, ते माणूस परत आलं.

मी दारात उभी होते, थोडी हसतच. सासऱ्याचं नाव घेतलं, दाणे लांब गेले. मोठ्या दिराचं घेतलं, तसंच. मग म्हातारीचं नाव घेतलं आणि दाण्याला दाणा लागला. पोर गप्प झाली.

रडून थकली असेल, हे मलाही कळत होतं. तरी मी दारातून पुढे होऊन वाटीत वाकून पाहिलं.

सुनेने पोर माझ्या हातात दिली. "तुमच्यासाटीच आली थे बुढी. मरताना म्हने, माही बाई गाव सोडून गेली तं? आता जाऊ नका बाई तिले सोडून."

नागपूरचं मी त्या गावात कोणालाच सांगितलं नव्हतं. पोर माझ्याकडे टक लावून पाहत होती आणि तिच्या टाळूला तोच वास होता.

दुसऱ्या दिवशी मी नागपूरला नाही म्हणून कळवलं. नवरा भडकला. "काऊन? पागल झाली का तू?" मी म्हटलं, इथलं काम आवडतं. नुसतं आवडत होतं तोवर मला जाता आलं असतं. आता मी म्हातारीला सोडून जायच्या भीतीने थांबले होते. त्या घरी गेले की पोरीच्या कानात हळूच "आजी" म्हणायचे. कोणाचे दिवस भरले की तिच्या तोंडाकडे पाहायचे, जणू बाळंतपण कसं होईल ते ती सांगणार होती.

असे काही महिने गेले. एक दिवस सुनेने हसत पोरीचा ओठ वर करून दाखवला.

"दात आले पाहा. आता मागचा सारा भुलली थे. आमच्यात असाच हाये. दात आले का जुना जीव जाते."

"म्हणजे आजी?"

"गेली ना." ती पुन्हा सूप घेऊन तांदूळ पाखडायला बसली. "आता हे आमची पोट्टी."

"आणि मला जाऊ नका म्हणाला होतात ते?"

तिला ते आठवेना. "चांगली नोकरी भेटली तं जा ना बाई. कायले कोन अडवते?"

नागपूरची जागा केव्हाच भरली होती. पोर माझ्याकडे पाहून अनोळखी माणसाला बिचकावं तशी बिचकली आणि सुनेच्या पदरात शिरली. म्हातारी वारली त्या दिवशी लसीकरण होतं, मला रडायला सवड मिळाली नव्हती. मी त्यांच्या अंगणातच खाली बसले आणि रडले. सुनेला वाटलं, माझ्या घरी काहीतरी वाईट झालंय.