हरताळाच्या दिवशीची मॅच

दत्ताराम गेल्याचा निरोप कचेरीत आला, तेव्हा दुःखाच्याही आधी मला भीती वाटली. जाण्यापूर्वी त्याने वहिनीला, आपल्या बायकोला, सगळं सांगितलं असेल का? अंत्ययात्रेत मी मुद्दाम मागे राहिलो. पाच आठवडे झाले, आता लिहितो आहे.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. डिलाईल रोडवरच्या आमच्या हॉकी क्लबचा मी सेक्रेटरी, दत्ताराम गोलकीपर. गिरणीत तो बदली कामगार होता. पाळी संपवून तसाच गोलात उभा राहायचा. हुतूतूवर जीव टाकणाऱ्या गिरणगावाला पगारी हॉकी संघ पोसता येईल, असं मी एकटाच म्हणत होतो. मोठी मैदानं, नावाजलेले खेळाडू, सगळं फोर्टाच्या बाजूला. आमच्याकडे बघायला येणार कोण? एक पाळी कामावर, दुसरी झोपलेली, तिसरी रेशनच्या रांगेत. एका कापडवाल्या शेटने मात्र शब्द दिला होता, “एकदा मैदान भरून दाखवा, तुमचे तीन खेळाडू पगारावर ठेवतो.” त्या तिघांत पहिला दत्ताराम. आणि मला अक्कल सुचली. हरताळाच्या दिवशी तिन्ही पाळ्या मोकळ्या असतात, मॅच त्याच दिवशी ठेवायची!

“डोक्यार पडलंस काय रे?” दत्ताराम म्हणाला. “हरताळाच्या दिवशी काठ्या घेऊन फिरूचा?”

“काठ्या कुठे? स्टिका आहेत.”

“ह्यां तू पोलिसाक सांग. तो आधी मारतलो, मगे ऑफसाइड बघतलो.”

हसला, आणि तरीही आला. सगळ्या स्टिका चादरीत बांधून त्याने खांद्यावर घेतल्या. मी दहा पावलं मागे होतो. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं... वळणावर पोलिसांची गाडी. चादर सुटली, स्टिका रस्त्यावर खडखडल्या आणि मी शेजारच्या चाळीच्या जिन्याखाली शिरलो. तिथून सगळं दिसत होतं, ऐकूही येत होतं. “कोणी दिल्या? बरोबर कोण आहे?” दत्ताराम म्हणत होता, “कोण नाय, सायबा. एकटोच.” प्रत्येक प्रश्नाला एक फटका, तोही आमच्याच स्टिकने. माझे दात वाजत होते. ते बाहेर ऐकू जातील म्हणून मी तोंडात रुमाल कोंबला... पण बाहेर आलो नाही.

त्याचं उजवं कोपर चुरलं, हात पुन्हा सरळ झाला नाही. मैदान रिकामंच राहिलं, सगळे मोर्चात होते. शेट पुन्हा भेटला नाही. चाळीने मात्र ठरवून टाकलं की दत्तारामचा हात चळवळीत गेला. सत्कार झाला, भाषण मीच केलं. पुढे वर्षभर घराघरातून त्याच्या घरी ताट येत राहिलं. ज्या गिरणगावाला संघ पोसवेल का याची मी चर्चा करत बसलो होतो, त्याने गोलात उभाही राहू न शकणारा एक खेळाडू न बोलता पोसला. आणि मी त्याच्याकडे जाताना दरवेळी घाबरायचो, आज हा बोलणार... तो क्लबची खुशाली विचारायचा.

परवा धीर करून गेलो. वहिनीने बसायला चटई टाकली. मग म्हणाली, “भावोजी, एक विचारू? त्या दिवशी एवढं ओझं घेऊन हे एकटेच कसे निघाले हो? मी विचारलं की म्हणायचे, सेक्रेटरीला विचार.”

ती चहा करायला उठली. फळीवर सगळ्या कपांचे कान उजवीकडे होते, एकाचाच डावीकडे. सवयीने तिने तोच, दत्तारामचा, उतरवला, चहा ओतला आणि कान डावीकडे ठेवूनच माझ्यापुढे सरकवला. समोर बसली. मी डाव्या हाताने कप उचलला आणि तसाच परत बशीत ठेवला.

“वहिनी,” मी म्हणालो, “मी जिन्याखाली होतो.”