वाटीखालचा फासा

शैलावहिनी फासा टाकायची आणि लगेच त्यावर वाटी उपडी घालायची. किती पडले ते वाटीची कड उचलून ती एकटीच बघायची. आम्हाला कधीच दाखवलं नाही.

हा खेळ माझा भाऊ सचिन पुण्याच्या होस्टेलवर शिकला. एकाने गोष्ट रचायची, बाकीच्यांनी तिच्यातली माणसं व्हायचं, आणि लढाईत काय घडतं ते वीस बाजूंच्या फाशावर ठरवायचं. नियमांचं जाडजूड पुस्तक त्याने पिंपळवंडीला आणलं, पण वाचलं ते शेजारच्या वहिनीने, आणि गोष्टही तीच रचायची. खुबा मोडलेल्या सासूपाशी बसून दिवसभर दुसरं करणार काय? नवरा चाकणला कंपनीत, आठवड्याने येणारा. रविवारी दुपारी ओसरीत काकूंच्या, म्हणजे तिच्या सासूच्या, कॉटपाशी आमचा डाव रंगायचा.

सचिन कायम चोर. लढाई सुरू झाली की हा म्हणणार, "मी उसात लपलो."

"राक्षसाच्या डोळ्यांदेखत शिरलास की," वहिनी म्हणायची. "ह्याला आडोसा म्हणत्यात, लपणं न्हाई."

मग तो नजर चुकवून शिरायचा. वाटीखाली फासा पडायचा आणि हा विचारायचा, "किती पडले ते तरी सांगा."

"आपण किती लपलोय ते लपलेल्याला कधी कळतं व्हय? गप बस."

एकदा त्याने लपून वार केला आणि पुन्हा लपायला निघाला. "वार केलास, आता दिसलास," वहिनी म्हणाली. "आता समोर उभा ऱ्हा." कॉटवरून काकू म्हणाल्या, "लई कडक हाय बाई ही."

अशी कडक बाई चार वर्षांत किराणा दुकानापलीकडे गेली नव्हती. लग्नाआधी ती नर्सिंग शिकलेली. एके दिवशी फाशांच्या डब्याच्या तळातून तिने मला एक पत्र काढून दाखवलं. मंचरच्या एका दवाखान्यात नोकरी, शनिवारपर्यंत हजर व्हायचं. असंच एक पत्र आधीही आलं होतं, त्याची मुदत तिने गुपचूप जाऊ दिली होती. तो डबा ती काकूंच्याच कॉटखाली ठेवायची. तिथे कोण बघतंय?

"राक्षसांना घाबरत नाहीस आणि सासूला घाबरतेस?" मी चिडून म्हणाले.

"राक्षसाला न्हाऊ घालावं लागत न्हाई, ताई."

तरी मी तिला "जा" म्हणूनच सांगत राहिले. सांगायला माझं काय जात होतं?

शुक्रवारी मला शेजारी बसवून तिने काकूंसमोर पत्र धरलं. "आत्या, मला उद्या मंचरला हजर व्हायचंय."

काकूंनी पत्राकडे पाहिलंसुद्धा नाही. "दोन्ही वाचल्यात मी. काठीनं डबा वढायला काय लागतंय?"

"मग बोलला का न्हाई?"

"तू गेल्यावर मला संडासला कोण नेणार? म्हणून गप ऱ्हायले." मग भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "जा आता. दुसऱ्यांदा नको घालवू."

वहिनी गेली. सुट्टीला येते, पण डाव मोडला तो मोडलाच. दुपारसाठी एक बाई मिळाली आणि सकाळ मी घेतली. पहिल्या दिवशी उठवताना काकूंनी माझा दंड इतका घट्ट धरला की मला तो सोडवता येईना. "तू तरी रोज येशील ना?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले, आणि त्या क्षणी पळून जावंसं वाटलं.