मटण सोडल्यावरची पंगत

मटण का सोडलं असं कुणी विचारलं तर मी म्हणते, गुडघे दुखतात. देवाचं नाव सांगितलं तरी चालतं, उज्जैनमध्ये त्यापुढे कुणी विचारत नाही. खरं कारण माझी धाकटी जाऊ आहे.

ती यायच्या आधी घरात मटण माझ्याच हातचं असायचं. आम्ही मराठे कितीतरी पिढ्यांपासून इथले. बोलण्यात हिंदी शिरली, पण रविवारचा रस्सा सुटला नाही. त्याची शेगडी मागच्या गच्चीवर, भांडी वेगळी. सुकं खोबरं मी तव्यावर जवळजवळ काळं होईपर्यंत भाजायचे. रश्शाचा रंग तिथेच येतो.

चार माणसांत माझं तोंड उघडत नाही. पाहुणे आले की मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच ओटा पुसत राहते. पण रस्सा उकळला की थोडा बशीत काढून मी सासूबाईंकडे न्यायचे. त्या पलंगावर भैरवगढी छाप्याच्या चादरीवर बसलेल्या असायच्या. फुंकर मारून एक घोट घ्यायच्या, डोळे मिटायच्या आणि मान हलवायच्या. तोंडानं त्यांनी मला कधी चांगलं म्हटलं नाही. पण ती मान माझ्यासाठी हलायची, दुसऱ्या कुणासाठी नाही.

मग दिरानं लग्न केलं. मुलगी हिंदी घरातली, माहेरी लसूणसुद्धा चालत नाही. आली त्याच आठवड्यात ती सासूबाईंच्या पलंगावर पाय वर घेऊन बसली. मी इतकी वर्षं त्या घरात राहून त्या पलंगाच्या कडेलाही टेकले नव्हते. तिच्या मोडक्या मराठीला सासूबाई हसायच्या, मुद्दाम अवघड शब्द म्हणायला लावायच्या. मला सगळे शब्द येत होते, त्यामुळे मला कुणी काही म्हणायला लावत नव्हतं.

त्या वर्षीचा आखाड आला. आमचा श्रावण अमावास्येनंतर लागतो. गावाचा सावन मात्र पंधरा दिवस आधीच लागतो, गुरुपौर्णिमा झाली की दुसऱ्या दिवशी. मधल्या पंधरवड्यात सगळं उज्जैन उपास धरतं, सोमवारी महाकालाची सवारी बघायला उभं राहतं, आणि आमच्या घरात श्रावणाआधीचं शेवटचं मटण शिजतं. हे मेथीच्या जुड्यांखाली पिशवी लपवून आणायचे, मी खिडक्या लावून घ्यायचे. नणंदही त्या दिवशी देवासहून यायची. वर्षातला तो दिवस माझा होता.

मसाला वाटून झाला होता. जाऊ दारात येऊन म्हणाली, "आई, सावन तो लग गया ना?"

सासूबाई म्हणाल्या, "तुझा लागला गं, आमचा नाही." मग तिच्याकडे बघत राहिल्या आणि मला म्हणाल्या, "मोठी, या वर्षी राहू दे. पोरीचा नेम आहे."

मी मसाला फ्रीजमध्ये ठेवला आणि दार जोरात लावलं. फ्रीजचं दार कितीही जोरात लावलं तरी आवाज होत नाही.

त्या दिवसापासून तिच्या नेमाचं कौतुक सुरू झालं. नणंदेला फोनवर, शेजारणीला गॅलरीतून. "कोवळी पोर, पण बघा." मी आतून जळायचे. जी वस्तू तिनं कधी तोंडात घातली नाही, ती न खाण्यात कसला नेम? सोडणं कशाला म्हणतात ते मी दाखवते, असं मनात आलं. मला मटण फार आवडायचं. नळीसाठी मी लहानपणी भावाशी भांडलेली आहे.

सकाळी भाजी आणायला म्हणून निघाले आणि रामघाटावर गेले. पंडितजींनी संकल्पासाठी हातावर पाणी सोडलं, विचारलं, "किस निमित्त?" मी हातावरच्या पाण्याकडे बघत राहिले. त्यांनी पुन्हा विचारलं. शेवटी तेच म्हणाले, "चलो, परिवार की सुख-शांति के लिए," आणि पाणी सोडवून घेतलं.

घरी येऊन जेवणाच्या वेळी मी म्हणाले, "मी मटण सोडलं. खाणार नाही आणि हातही लावणार नाही." हात न लावायचं संकल्पात नव्हतं. ते बोलता बोलता तोंडातून गेलं.

हे म्हणाले, "तुला ऊन लागलं का?"

दीर म्हणाला, "वहिनी, मग कलेजी कोण करणार?"

सासूबाई एवढंच म्हणाल्या, "बरं." जाऊ माझ्याकडे मोठे डोळे करून बघत होती. तिच्यापेक्षा माझा नेम मोठा, असं कुणी म्हणेल म्हणून मी थांबले. पानं उचलायची वेळ झाली.

श्रावण गेला, नवरात्र बसलं आणि उठलं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मटण लागतंच. मला वाटलं, आता सासूबाई मला विनवतील. मी नाही म्हणेन, त्या पुन्हा म्हणतील, मग बघू. पण जाऊच म्हणाली, "मी करते ना आई. आप बताती जाना."

नाकाला ओढणी बांधून ती गच्चीवर उभी राहिली. मी आत मुगाचं वरण करत होते, दारातून सगळं दिसत होतं. खोबरं तिनं लालसर होताच उतरवलं. मी वरणात हळद घातली. मग ती बशी घेऊन निघाली.

"मीठ कमी," सासूबाई म्हणाल्या. ती परत गेली, पुन्हा आली. "आता तिखट कुठाय?" पुन्हा गेली. "अगं मेले, खारट केलंस!" आणि दोघी हसायला लागल्या. सासूबाईंनी तिच्या पाठीवर एक धपका मारला. मला चव कळायची, म्हणून मी एकदाच जायचे. तिला चाखायचंच नव्हतं, म्हणून ती सारखी जात होती, आणि दर खेपेला त्यांच्याजवळ बसत होती. चुकायचं मला कधी सुचलंच नाही. वरण खाली लागलं तेव्हा मी गॅस बंद केला.

मटण खाणाऱ्यांची पानं बाहेरच्या खोलीत मांडतात. न खाणारा आत ओट्याशी बसतो. लग्न झाल्यापासून अशा दिवशी जाऊ आत एकटी जेवायची. मी तिला वाढून बाहेर जायचे. आज सगळ्यांना भाकऱ्या वाढून झाल्यावर मी वळले, तर आत दोन पाट मांडलेले. पानात भाकरी आणि बिनलसणाचं भरीत. सकाळीच करून ठेवलं होतं म्हणे.

"जीजी, बसा," ती म्हणाली. "मला रोज लगता था, सब उधर हँस रहे हैं, आणि मी भिंतीकडे तोंड करून दुधी खातेय." तिनं माझा हात धरला. "आपने मेरे लिए छोड़ा ना? मी आईंना तेव्हाच बोलले, जीजी बोलत नाहीत, पण बघा."

नाही म्हणायला हवं होतं. मला तोंडाशी आलेलंसुद्धा बोलता येत नाही. मी मान खाली घालून भाकरी मोडली, आणि तिनं ते हो समजून घेतलं.

भरीत चांगलं झालं होतं. ते चांगलं झालेलं मला आवडलं नाही, तरी मी दुसऱ्यांदा घेतलं.

तेवढ्यात बाहेरून सासूबाईंची हाक आली, "छोटी, रस्सा आण गं थोडा." मी पाटावरून अर्धी उठले होते. पातेल्याला हात लावायचा नाही, हे मग आठवलं. जाऊ ओढणी नाकाला गुंडाळत गेली, आणि तिकडेच अडकली. सासूबाई तिला रस्सा म्हणायला शिकवत होत्या, सगळे हसत होते, आणि हे तर सर्वांत जास्त.

तिची भाकरी गार होत होती. मी तिच्यावर ताट झाकलं आणि हसणं थांबायची वाट बघत बसले.